थोरला एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण आहे, आता मला पुन्हा दिवस गेलेत, नववा आठवडा. चाचणी करावी का?

चांद्याची मास्तरीण
चंद्रपूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी एएस, नवरा एएस, म्हणजे दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, स्वतः आजारी नाही. लग्नाच्या वेळी तपासणीचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. मुलगा दीड वर्षाचा असताना त्याच्या हातापायांची बोटं टम्म सुजली. आधी वाताचं समजून औषधं झाली, मग तिघांचंही रक्त नागपूरला गेलं, तेव्हा सिकलसेल कळला. आता तो आठ वर्षांचा आहे. रोज हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल, फॉलिक ॲसिड, दप्तरात पाण्याच्या दोन बाटल्या. थंडी पडली की आमची झोप जाते.

मला पुन्हा दिवस गेलेत. डॉक्टर म्हणतात, अकराव्या आठवड्यानंतर वारेचा बारीक तुकडा घेऊन बाळाचा पॅटर्न, म्हणजे ते एसएस आहे का, तपासता येईल. पण एसएस निघालं तर काय करायचं, ते घरून ठरवून या. तेच ठरत नाही.

गर्भपात पाप की पुण्य, यावर कृपया लिहू नका, माझी अडचण ती नाही. सिकलसेल सप्ताहात मी दरवर्षी फळ्यावर दोन एएस आईबापांच्या लेकरांचे चार खाने काढते: एए (निरोगी), एएस, एएस, एसएस. चौथ्या खान्यावर खडूने फुली मारायची सवय आहे, 'हे टाळायचं, मुलांनो'. या वेळी माझाच मुलगा दुसऱ्या बाकावर बसला होता. फुली अर्धी मारून मी फळा पुसला.

सासूबाईंचं गणित वेगळंच: "एक तं झाला ना बिमार, आता पुढचे तीन चांगलेच होतील." नवरा बोलत नाही, पण कुणीतरी त्याच्या डोक्यात भरलंय की धाकटं बाळ बरं निघालं तर थोरल्याला बोनमॅरो (हाडांतला मगज) देऊन बरं करेल. आणि परवा रात्री मुलाने विचारलं, "बाळ माझ्यासारखं असलं तर?" मी म्हटलं, झोप.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी लिहावं.

नळीवाला
ताई, मी लॅब टेक्निशियन, शिबिरांत बोटं टोचण्यात बारा वर्षं गेली. आधी सासूबाईंचं बघू. चारात एक ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने असते, आधीचं काही वजा होत नाही. तिन्ही लेकरं एसएस असलेलं घर मी पाहिलंय, आणि तिन्ही बरी असलेलंही.

आता कायद्याचं. चाचणीच्या नावाने लोक घाबरतात, कारण दवाखान्यात 'गर्भलिंगनिदान गुन्हा आहे' एवढीच पाटी दिसते. 1994च्या त्याच कायद्यात रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला परवानगी आहे. केंद्र नोंदणीकृत हवं, तुमची लेखी संमती हवी. मुलगा की मुलगी हे सांगणार नाहीत, विचारूही नका. वारेचा तुकडा काढताना गर्भ पडण्याचा थोडा धोका असतो, तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. गर्भपातासाठी 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढे 24 पर्यंत ठरावीक कारणांसाठी दोघांचं लागतं. म्हणजे विचाराला वेळ आहे. तारीख मात्र आजच घ्या.

एक माझं दुःख, विषयाला थोडं सोडून. आम्ही 'एएस' लिहिलेलं कार्ड देतो ते दोन एएसनी लग्नाआधी विचार करावा म्हणून. गावात ते फक्त मुलीकडे मागतात. मुलगा एए असला तरी 'पोरगी एएस आहे' म्हणून सोयरीक मोडते, वास्तविक त्या जोडप्याला एसएस मूल होणारच नाही.

चौथा खाना
हे नाव आत्ता तुमची पोस्ट वाचून घेतलं. मी एसएस, वय 36, बँकेत नोकरी. वर्षातून एक-दोनदा ॲडमिट होते. मागच्या जानेवारीत दुखणं इतकं होतं की पांघरुणाचा स्पर्शही नको झाला होता. आणि तरी माझं आयुष्य मला आवडतं, हे लिहिताना ओशाळल्यासारखं का वाटतं, माहीत नाही.

2023च्या 1 जुलैला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 2047पर्यंत सिकलसेलचं निर्मूलन. मोहीम हवीच, औषधं त्यातूनच खाली पोचतील. पण 'निर्मूलन' शब्द ऐकला की मी जरा मागे वळून बघते, बोलणं कोणाबद्दल चाललंय म्हणून.

माझी आई एकदा म्हणाली, "तेव्हा कळलं असतं तर..." आणि भाजी ढवळत राहिली. मी तेव्हा सोळा वर्षांची. त्या अर्ध्या वाक्याचा मला जेवढा त्रास झाला तेवढा पूर्ण वाक्याचा झाला नसता. तुम्ही चाचणी करा, न करा. गर्भ ठेवला नाहीत तरी मी तुम्हाला दोष देणार नाही, रात्री दोनला लेकराला कुशीत घेऊन तुम्ही बसता. पण मुलाला 'झोप' म्हणू नका. त्याला सगळं कळतंय.

दोघांचा बाप
बोनमॅरोबद्दल. आमच्या मुलाला धाकटीचा मॅरो चालला, सहा वर्षं झाली. तेव्हा लोकांनी विचारलं, औषध म्हणून पोर आणली का? नव्हती आणली, पण मॅच निघाल्यावर आम्ही तिला विचारलं असंही नाही. पाच वर्षांची होती, सही आम्हीच केली. आता भांडण झालं की भावाला म्हणते, "माझं रक्त परत दे." आम्ही हसतो. नंतर मला कधी कधी हसू येत नाही.

तुमच्या नवऱ्याला गणित सांगा. बाळ एसएस नसण्याची शक्यता चारात तीन, मॅरो भावाशी मॅच होण्याची, म्हणजे जुळण्याची, चारात एक, दोन्ही जमण्याची सोळात तीन. तेराच्या बाजूला निघालेल्या बाळाकडे तो कसा बघेल, हे त्याने आधीच बोलून टाकावं. आयव्हीएफमध्ये गर्भ निवडून घेतात म्हणे, पण त्याला लाखांत खर्च, आणि तुम्हाला तर दिवस गेलेतच.

चांद्याची मास्तरीण
सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. चौथा खाना, तुमचं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. सोळात तीनही. तो उठून अंगणात गेला, बऱ्याच वेळाने आला आणि म्हणाला, "नागपूरला मी येतो."

अकरावा आठवडा संपल्यानंतरच्या सोमवारची तारीख मिळाली. एसएस निघालं तर काय, हे अजून ठरलेलं नाही, डॉक्टरांना तसंच सांगणार आहे. मुलाला सांगितलं की बाळाच्या रक्तात तुझ्यासारखंच आहे का ते बघायला चाललो. तो म्हणाला, "असलं तर त्याला पाणी खूप पाजा." मग बॅट घेऊन गेला.

नळीवाले दादा, एक विचारायचं राहिलं. आमच्या दोघांचा इलेक्ट्रोफोरेसिसचा (एएस ठरवणाऱ्या रक्ततपासणीचा) जुना रिपोर्ट चालेल, की तिथे पुन्हा रक्त द्यावं लागेल? नवऱ्याला रजा टाकायची आहे, एक दिवसाची की दोन, ते कळेल.