तापली की बंद, गार झाली की चालू : पल्सर कॉइल की सीडीआय?

माझी 150 सीसीची, कार्ब्युरेटर असलेली जुनी मोटरसायकल गेल्या मे महिन्यापासून एकाच दुखण्याने मला हैराण करते आहे. मालगुंडहून आरे-वारे मार्गे रत्नागिरीला माझे रोजचे जाणे-येणे असते. सकाळी गाडी पहिल्या किकला सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटे विनातक्रार धावते आणि आरे-वारेच्या चढावर एकाएकी बंद पडते. पंधरा मिनिटे सावलीत उभी केली की काही झालेच नव्हते अशी पुन्हा चालू होते. पावसाळ्यात हा त्रास जवळजवळ नव्हता, ऑक्टोबरचे ऊन तापले आणि तो परतला.

पेट्रोल संपताना गाडी आचके देते, तसे इथे होत नाही. गाडी गिअरमध्ये असते, मागचे चाक इंजिनाला फिरवत असते, तरीही टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा थेट शून्यावर येतो. हेडलाइट आणि इंडिकेटर मात्र चालू राहतात. त्याच क्षणी प्लग काढून पाहिला तर तो पेट्रोलने ओला असतो आणि करंट येत नाही.

आतापर्यंत प्लग, प्लगची टोपी आणि इग्निशन कॉइल बदलली, कार्ब्युरेटर साफ केला, टॅपेट तपासून घेतले. टाकीतून दोनेक चमचे पाणी निघाले तेव्हा रोग सापडला असे वाटले होते, पण तिसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा अडली. टाकीचे झाकण उघडूनही फरक पडला नाही. सीडीआयच्या, म्हणजे प्लगला ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या (खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्याला हे नवे नाही), त्याही घासून घेतल्या.

माझा संशय इंजिनाला चिकटून असलेल्या आणि सीडीआयला ठिणगीच्या वेळेचा इशारा देणाऱ्या पल्सर कॉइलवर होता. गार असताना तिचा रोध 205 ओहम भरला. हेअर ड्रायरने तापवल्यावर 245 झाला. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो, त्यामुळे पन्नास अंशांच्या फरकाला ही वाढ साहजिकच म्हणावी लागेल. तरीही चालत्या इंजिनाच्या हादऱ्यांत आतली तार सुटत असेल, तर उभ्या गाडीवर मल्टिमीटरला ते कळणार नाही. आमचे मेकॅनिक पहिल्यापासून सीडीआयकडे बोट दाखवत आहेत. परवा गाडी बंद पडताच ओले फडके प्लास्टिकच्या पिशवीत घालून फक्त सीडीआयवर ठेवले, तर ती चार मिनिटांत सुरू झाली. पण एका वेळच्या अनुभवावर पैसे घालायला मन धजत नाही, शिवाय पल्सर कॉइल मला मॅग्नेटच्या पूर्ण प्लेटसहच मिळते आहे.

दोन्ही भाग न बदलता दोष नेमका कशात आहे, हे ठरवण्याची खात्रीची पद्धत जाणकारांनी कृपया सांगावी. किक मारताना पल्सर कॉइलचा एसी व्होल्टेज कोणी मोजला असल्यास तो आकडाही कळवावा. माझ्या साध्या मल्टिमीटरवर तो 0.4 ते 0.6 च्या दरम्यान नाचतो आणि तेवढा सीडीआयला पुरतो की नाही, हे मला ठरवता येत नाही.