चर्चा धागा : कणांच्या स्पिनमधला ‘अर्धा’ सोडून द्यावा का?

फोंडा (धागा सुरू करणारे)
मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत कोनीय संवेग (फिरण्याचे माप), अर्धा आहे असे सांगितले की दर वर्षी वर्गातून एकच प्रश्न येतो : उरलेला अर्धा कुठे गेला? माझ्या मते हा गोंधळ आपणच ओढवून घेतला आहे. प्लांकच्या स्थिरांकाला दोन पायने भागून येणारी राशी आपण एकक मानतो, म्हणून इलेक्ट्रॉनच्या वाट्याला अर्धा येतो. त्याच्या निम्मे एकक घेतले, तर इलेक्ट्रॉनचा स्पिन १, फोटॉनचा २ आणि डेल्टा कणाचा (प्रोटॉनचा जड भाऊबंद) ३ होईल. हिशेब रुपयांऐवजी आठ आण्यांत मांडला म्हणून मालाची किंमत बदलत नाही.

डिचोली
सर, एकक बदलता येते हे मान्य आहे, पण इलेक्ट्रॉनचा अर्धा हा ‘अर्धपूर्णांक’ आहे, आणि अर्धपूर्णांक म्हणजे दोनाने भागलेली कोणतीही संख्या नव्हे. अर्धा, दीड, अडीच, साडेतीन अशी, दोन लागोपाठच्या पूर्णांकांच्या बरोबर मध्ये पडणारी संख्या म्हणजे अर्धपूर्णांक. मराठीत त्यांना स्वतःची नावे आहेत, आणि मागच्या पिढ्यांनी दिडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ केली होती. आता स्पिनकडे पाहा. ठरावीक दिशेने मोजलेला कोनीय संवेग एकेकाच्या पायऱ्यांनीच बदलतो, आणि वरचे टोक शून्यापासून जितके दूर, तितकेच खालचेही असते. पायऱ्यांची संख्या विषम असेल तर मधली पायरी शून्यावर येते. सम असेल तर शून्य दोन पायऱ्यांच्या मध्ये पडते आणि प्रत्येक पायरी अर्धपूर्णांकावर बसते. श्टेर्न आणि गेरलाख यांनी १९२२ साली चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तेव्हा त्याचे दोन भाग झाले. पायऱ्या दोन, अंतर एक, म्हणजे उणे अर्धा आणि अधिक अर्धा. इलेक्ट्रॉनला स्वतःचा स्पिन असल्याची कल्पना उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी १९२५ साली मांडल्यावर या दोन भागांचा अर्थ लागला. तुमच्या मापात प्रत्येक पायरी दोनाची होईल, आणि ती दोनाचीच का, हे तुम्हाला वर्गात समजावावे लागेल.

म्हापसा
मला फोंड्याच्या सरांचे म्हणणे पटते. निसर्गातला भेद सम आणि विषम यांचा आहे. हेलियम-४ च्या अणूत स्पिन अर्धा असलेले सहा कण आहेत, हेलियम-३ मध्ये पाच. एवढ्या एका न्यूट्रॉनच्या फरकाने पहिला बोसॉन (एकूण स्पिन पूर्णांक असलेला) ठरतो आणि सुमारे २.१७ केल्विनला अतिप्रवाही होतो, म्हणजे घर्षणाशिवाय वाहतो, तर दुसरा फर्मिऑन (एकूण स्पिन अर्धपूर्णांक असलेला) ठरतो आणि त्याला त्यासाठी एका केल्विनच्या काही हजारांश भागांपर्यंत थंड करावे लागते. हे सांगायला सहा आणि पाच पुरेसे आहेत.

डिचोली
मोजणीला पुरेसे आहेत, अर्थाला नाहीत. पाण्याने भरलेली वाटी तळहातावर घ्या आणि पाणी न सांडता ती काखेखालून एक पूर्ण फेरा फिरवा. वाटी जागेवर येते, पण हात पिळलेला राहतो आणि कोपर वर जाते. त्याच दिशेने दुसरा फेरा डोक्यावरून दिला की हात सरळ होतो. स्पिन अर्धा असलेल्या कणाचे असेच आहे : ३६० अंशांनंतर त्याच्या तरंगफलाचे (कणाची अवस्था सांगणाऱ्या गणिती फलाचे) चिन्ह उलटते, ७२० अंशांनंतर ते मूळपदावर येते. १९७५ साली न्यूट्रॉनांचा झोत दोन वाटांनी नेऊन, एका वाटेवर चुंबकीय क्षेत्राने स्पिन फिरवून, हे प्रत्यक्ष पाहिले गेले. एका फेऱ्यात अर्धेच आवर्तन पुरे होते, आणि मुले विचारतात तो ‘उरलेला अर्धा’ दुसऱ्या फेऱ्यात आहे. स्पिनला १ म्हटले, तर हा दुवा आकड्यातून दिसेनासा होतो.

फोंडा
वाटीचा प्रयोग मी आत्ताच घरी करून पाहिला. पहिल्या खेपेला पाणी सांडले, दुसऱ्या खेपेला जमले. फेऱ्यांचा मुद्दा मला मान्य आहे आणि ‘अर्धा’ मी वर्गात ठेवीन. मात्र अणूंसारख्या जोडकणांचा हिशेब शिकवताना म्हापशाच्या मित्रांप्रमाणे सम-विषमच मोजायला सांगेन, कारण तिथे सहा अर्धे आणि पाच अर्धे यांची बेरीज करायला लावली की मुले उत्तराच्या आकड्यात अडकतात आणि अणू कोणत्या गटातला, हे मागे पडते.