पीएचडी झाली, आता समाजातल्याच मुलासाठी थांबावं का?

फोंड्याची_लेक:
आम्ही गावडा समाजातले, गोव्यातला फोंडा तालुका. घराण्यात पीएचडी झालेली मी पहिलीच, वय ३१. दोन वर्षं स्थळं बघतोय, पण समाजातला शिकलेला मुलगा असला तर त्याचं आधीच जमलेलं असतं आणि आयटीआय करून नोकरीला लागलेला असला (मला त्यात काहीच कमी वाटत नाही) तर त्याच्या घरचेच म्हणतात एवढी शिकलेली सून आम्हाला झेपायची नाही. आता युनिव्हर्सिटीतल्या मित्राने विचारलंय, तो समाजाबाहेरचा, पण माणूस खरंच चांगला आहे. आई गप्प. मावशी म्हणाली, पौषात धालोला (आमच्या बायकांचा नाच-गाण्यांचा उत्सव) मांडावर (तो जिथे होतो ती गावची जागा) तुझ्या जागी कोण उभं राहणार गो? तेव्हापासून झोप लागत नाही, ती गाणी मला आजीकडून आलीत. आणि एसटी (अनुसूचित जमात) सर्टिफिकेटचं काय होतं?

केप्याची_ताई:
बाय, सर्टिफिकेट जन्माने मिळतं, लग्नाने जात नाही. गावडा, कुणबी, वेळीप २००३ साली एसटीत आले तेव्हा मी अकरावीत होते, त्याची किंमत मला माहीत आहे. मुलांचं मात्र आपोआप होत नाही. वडील बाहेरचे असले तर मूल वडिलांच्या जातीचं धरतात, पण ते आईच्या समाजात, तिच्यासारखंच वाढलं हे पुराव्याने दाखवता येतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सांगितलंय. आणि मांडाचं म्हणशील तर समाजात लग्न केलं असतंस तरी तू दुसऱ्या गावच्याच मांडावर गेली असतीस ना! आजी आहे तोवर सगळी गाणी वहीत उतरवून घे.

सांगे_१२:
जमिनीचंही बघा. गोव्यात करार केला नाही तर नवरा-बायकोची मिळकत अर्धी-अर्धी होते, वेगळं काही हवं असेल तर करार लग्नाआधीच करावा लागतो, नंतर बदलता येत नाही.

टीचर_काणकोण:
माझं जरा वेगळं मत आहे. माझा नवरा समाजातलाच, इलेक्ट्रिशियन. मी एमएससी, बीएडला असताना मुलगी आठ महिन्यांची होती, परीक्षेच्या दिवशी तिला खांद्यावर घेऊन तो कॉलेजच्या गेटवर तीन तास उभा होता. "झेपायची नाही" हे त्या मुलांच्या घरचे बोलले, मुलांना स्वतःला कुणी विचारलं का?

फोंड्याची_लेक:
नाही विचारलं. एकाचा नंबर अजून आहे, पण खरं सांगू का ताई, मन मित्राकडेच आहे आणि ते घरी बोलायचं टाळायला मी मावशीचं कारण पुढे करत होते. रविवारी त्याला जेवायला बोलावलंय. आजीला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, नुस्तें (मासे) खातो ना?