हवामानाच्या इशाऱ्यात ‘वादळ’ कुठं लिहायचं आणि कुठं नाही?

बांधावरून
शेतकरी गटासाठी हवामान खात्याचं पत्रक रोज चार ओळींत मराठीत द्यायचं असतं. मूळ पत्रकात सायक्लोन, स्क्वॉल, थंडरस्टॉर्म, डिप्रेशन असे वेगवेगळे शब्द येतात आणि मराठीत सगळ्यांचं ‘वादळ’ होऊन बसतं. वाचणाऱ्याला कळत नाही, कांद्याच्या ढिगावर ताडपत्री टाकून भागेल की दोन दिवस घरातच थांबायचं. वळीव, झड, वावटळ हे गावातले शब्द पत्रकात वापरले तर चालतील का? आणि कोणता शब्द नेमका कशासाठी?

पर्जन्यमापक
चालतील, पण आकड्यांना बांधलेले शब्द सैल करू नका. ‘चक्रीवादळ’ हा त्यातला पहिला. वाऱ्याचा सलग वेग ताशी ६२ किमीला पोचल्याशिवाय हवामान खातं तो शब्द वापरत नाही, आणि नावही तेव्हाच मिळतं. त्याच्या खाली ३१ ते ४९ म्हणजे डिप्रेशन, ५० ते ६१ म्हणजे डीप डिप्रेशन. वर ८९ ते ११७ तीव्र चक्रीवादळ, ११८ पासून अतितीव्र, १६६ पासून त्याच्याही पुढची पायरी आणि २२१ पासून सुपर सायक्लोन. ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनारा ओलांडणारं ‘निसर्ग’ चक्रीवादळ तीव्र गटातलं होतं.

डिप्रेशनला मराठीत एकच रुळलेला शब्द नाही. ‘तीव्र कमी दाबाचं क्षेत्र’ असं काही जण लिहितात, पण मग त्याच्या आधीच्या पायरीशी, म्हणजे साध्या ‘कमी दाबाच्या क्षेत्रा’शी, घोळ होतो. मी ‘डिप्रेशन’च ठेवा म्हणेन, सोबत वाऱ्याचा वेग द्या. ‘कमी दाबाचा पट्टा’ मात्र सरसकट लिहू नका. क्षेत्र गोलसर असतं. पट्टा म्हणजे शेकडो किलोमीटर लांब पसरलेली द्रोणी. दोन्ही पाऊस देतात, पण क्षेत्र सरकत जातं आणि ते कुठल्या वाटेनं जाईल यावर तुमच्या गावचं सगळं ठरतं.

‘धडकणार’ हेही जपून. ‘तौक्ते’ चक्रीवादळ मे २०२१ मध्ये कोकणाला समांतर वर गेलं आणि १७ मे ला गुजरातमध्ये जमिनीवर आलं. महाराष्ट्रात ते धडकलं नाही, तरी किनाऱ्यावर नुकसान झालंच. म्हणून ‘किनाऱ्याजवळून जाईल’ आणि ‘किनारा ओलांडेल’ ही दोन वेगळी वाक्यं ठेवा.

खळं
गावातल्या शब्दांबद्दल. वळीव आणि अवकाळी एक नव्हेत, बातम्यांत रोज एक केले जातात. वळीव एप्रिल-मेचा, म्हणजे वेळेवरचाच. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा, तिसऱ्या प्रहरी ढग उभे चढतात. ढगातून गार हवा खाली आदळून चहूकडे पसरते, म्हणून आधी धुळीचा गार झोत, पत्रे उडतात ते तेव्हाच, आणि पाऊस मागाहून. तासाभरात सगळं आटोपतं. ताडपत्री टाकायची तर ढग चढताना. झोत आल्यावर ती हातात राहत नाही. कडेला नुसते दगड ठेवून भागत नाही, दोर खुंट्यांना बांधा.

अवकाळी म्हणजे हंगाम सोडून आलेला, द्राक्षात साखर भरताना किंवा हरभरा काढणीला असताना. मे महिन्यातल्या पावसाला अवकाळी म्हणू नये असं माझं ठाम मत आहे.

वावटळ ढगातून येत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा गिरक्या घेत वर जाते, बहुधा निरभ्र दुपारी, आणि काही मिनिटांत विरते. तिचा इशारा देता येत नाही, तेव्हा पत्रकात तिला जागा नाही.

झड हा तर वादळाच्या उलट टोकाचा शब्द. वारा फारसा नाही, गडगडाट नाही, पण दोन-चार दिवस उघडीप नाही. शेतकऱ्याला यातून कळतं की फवारणी धुऊन जाईल आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येणार नाही. हा शब्द जरूर वापरा.

डोलकाठी
किनाऱ्यावरचे सदस्य असतील तर ‘उधाण’ जपून. उधाण चंद्राचं, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येणारं, शांत हवेतही. चक्रीवादळात वाऱ्यानं किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी चढतं ते वेगळं. दोन्ही एका वेळी आलं तर खरा धोका. त्यामुळे ‘नेहमीच्या भरतीपेक्षा पाणी अमुक मीटर वर चढेल’ असं सरळ लिहा, सोबत भरतीची वेळ.

बंदरावरच्या बावट्याचा, म्हणजे वादळाच्या इशाऱ्याच्या खुणेचा, नंबर द्या, पण अर्थासकट. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर समुद्रात. तीन म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. पाचपासून धोक्याचे, आठ ते दहा मोठ्या धोक्याचे. अकरा सर्वांत मोठं वादळ नव्हे. इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटल्याची ती खूण आहे.

बांधावरून
आभार. स्क्वॉल राहिला. आणि ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ वाचून लोक म्हणतात, तुरळक आहे ना, मग काय!

पर्जन्यमापक
स्क्वॉल म्हणजे वारा एकाएकी ताशी किमान २९ किमीनं वाढून ४० च्या वर जाणं आणि निदान मिनिटभर टिकणं. परिभाषेत ‘चंडवात’ आहे, पण गटात कुणी ओळखणार नाही. ‘अचानक सोसाट्याचा वारा’ लिहा.

‘तुरळक’ हा शब्द जागांचा आहे, पावसाच्या जोराचा नाही. जिल्ह्यातल्या पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी, असा त्याचा अर्थ. तिथं पडेल तो पाऊस मात्र अतिमुसळधार, म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिमी. जागेजागेचा फरक केवढा असतो बघा: २६ जुलै २००५ ला मुंबईतच सांताक्रूझला ९४४ मिमी नोंदला गेला, कुलाब्याला ७३. ‘तुरळक’ काढून टाका आणि असं लिहा: ‘उद्या दुपारनंतर जिल्ह्यातल्या थोड्याच गावांत, पण तिथं फार जोराचा पाऊस. कोणत्या गावांत ते आज सांगता येत नाही. ओढ्यालगतची जनावरं आणि पंप सकाळीच वर हलवा.’