शब्दचर्चा: उपग्रहाचं 'ग्रहण' आणि यानातलं 'भारनियमन'

प्रश्न (दापोली): विज्ञान प्रदर्शनासाठी आमची मुलं सौरऊर्जेवर चालणाऱ्या उपग्रहाच्या वीजव्यवस्थेचा तक्ता करतायत, तोही मराठीत. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरतो, त्याला 'ग्रहण' म्हणावं का? आणि वीज कमी पडली की यान काही उपकरणं बंद करतं, त्याला 'भारनियमन' चालेल?

उत्तर (वेंगुर्ले): सर, 'ग्रहण' बिनदिक्कत लिहा. यानातून पाहिलं तर पृथ्वी सूर्याला झाकते, म्हणजे ते सूर्यग्रहणच. पंचांगातले शब्दही चपखल बसतात: उपच्छायेत (फिकट सावलीत) शिरताना स्पर्श, प्रच्छायेत (गडद सावलीत) शिरताना संमीलन, मग उन्मीलन आणि मोक्ष. आपल्याकडे आजी-आजोबांच्या तोंडी असलेले हे शब्द मुलांनी जरूर वापरावेत.

वेळांचा हिशेब मात्र वेगळा. ५०० किमी उंचीवरचा उपग्रह सुमारे ९५ मिनिटांत फेरी मारतो, त्यातली ३५ मिनिटं सावलीत जाऊ शकतात. म्हणजे दिवसाला पंधरा ग्रहणं, आणि बॅटरीचं चार्ज-डिस्चार्ज वर्षाला पाच हजारांच्या वर. म्हणून दर फेरीत बॅटरीतली थोडीच वीज वापरायची, नाहीतर ती लवकर म्हातारी होते. या वापराला मी 'उपसा' म्हणेन. विहिरीमुळे मुलांना तो शब्द ठाऊक असतोच. भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहाला ग्रहण लागतं ते फक्त विषुवदिनांच्या (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसांच्या) आगेमागे, पण ते ७२ मिनिटांपर्यंत लांबतं.

मंगळयान तक्त्यात घ्याच. सहा महिन्यांसाठी बांधलेलं ते यान जवळजवळ आठ वर्षं टिकलं, आणि एप्रिल २०२२ मधल्या लांबलेल्या ग्रहणानंतर त्याचा संपर्क तुटला.

उत्तर (श्रीवर्धन): 'ग्रहणा'बद्दल दादांशी सहमत. 'भारनियमना'बद्दल थोडं थांबा. महाराष्ट्रात या शब्दाला वेळापत्रक चिकटलेलं आहे: अमुक फिडर, अमुक वाजता बंद. यानात तसा प्रकार असतो. ग्रहण लागण्याआधीच ठरल्याप्रमाणे कॅमेरा किंवा प्रक्षेपक (ट्रान्समीटर) बंद ठेवतात, तिथे 'भारनियमन' अगदी योग्य. पण बॅटरीचं व्होल्टेज अचानक मर्यादेखाली घसरलं तर यानातला नियंत्रक पृथ्वीवरच्या आज्ञेची वाट न पाहता एकेक भार तोडत जातो. त्याला 'भारकपात' म्हणावं. हे दोन शब्द वेगळे ठेवले नाहीत तर तक्ता चुकीचं शिकवेल, असं माझं ठाम मत आहे.

तोडायचा क्रम आधीच ठरलेला असतो. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथे कितीतरी दिवस वीज नव्हती, तेव्हा ज्यांच्याकडे सौर दिवे होते त्यांनी आधी मोबाइल चार्ज केला, टीव्हीचा विचारही केला नाही. यानात हा मान रेडिओच्या ग्राहकाला (रिसीव्हरला), मुख्य संगणकाला आणि बॅटरी उबदार ठेवणाऱ्या हीटरला. ४ सप्टेंबर २०२३ ला चंद्रावरची रात्र जवळ आली तेव्हा चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरची वैज्ञानिक उपकरणं बंद केली, ग्राहक मात्र चालू ठेवले. आज्ञा ऐकू आली तरच पुन्हा जागं करता येतं ना!

प्रश्न (दापोली): ताई, दोन्ही शब्द घेतो. बॅटरी पूर्ण भरल्यावर पॅनेलची उरलेली वीज जाते कुठे?

उत्तर (श्रीवर्धन): बऱ्याच यानांत पॅनेलच्या काही रांगा शंट करतात, म्हणजे त्यांचा प्रवाह बॅटरीकडे न जाता पॅनेलकडेच फिरतो आणि ती ऊर्जा उष्णता होऊन अवकाशात जाते. काही यानांत पॅनेलमधून गरजेपुरतीच वीज ओढतात. 'शंट' तसाच ठेवा, आयटीआयची मुलंही तेच म्हणतात.