गाजलेले सोडून सांगा : कोल्हापूरकरांचे जुन्या सिनेमांचे अनुभव

या धाग्यावर ‘पिंजरा’, ‘सांगत्ये ऐका’ आणि ‘श्यामची आई’ नकोत. ते थोर आहेतच, पण त्यांच्याविषयी बोलायला माणसं पुष्कळ आहेत. तुम्हाला मनापासून आवडलेला आणि आज कुणी नावही काढत नाही असा एखादा जुना सिनेमा सांगा. कुठं पाहिलात, कुणाबरोबर पाहिलात, त्यातलं काय मनात राहिलं, एवढं लिहा. चार ओळी चालतील, चार पानंही चालतील.

सुरुवात मी करतो, पण माझा सिनेमा मी पाहिलेला नाही. तुम्हालाही पाहता येणार नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस. आनंदराव या आपल्या भावाबरोबर त्यानं स्वतः कॅमेरा तयार करायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी काम थांबलं नाही. तानीबाई कागलकरांनी पैसे दिले आणि १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी आपल्या गावात उभी राहिली. ‘सैरंध्री’ पाहून लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. मला मात्र त्यांचं मोठेपण त्यानंतरच्या पावलात दिसतं. पडद्यावर देवादिकांची गर्दी असताना त्यांनी ना. ह. आपट्यांच्या कथेवरून सावकारानं नाडलेला, जमीन गमावून शहरात गिरणीकडे निघालेला शेतकरी दाखवला. तो शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. पुढे १९३६ मध्ये तो बोलपट म्हणून पुन्हा निघाला, पण मूळचा मूकपट हरवला. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. तुकडे धरूनही त्यातले जेमतेम तिसेक उरलेत. नायट्रेटची फिल्म भडकन पेटायची, आणि पेटली नाही ती चांदी काढायला वितळवली जायची. म्हणून जे उरलंय ते बघून घ्यायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

बाबूरावांच्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून उभारलेला खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ ज्यांनी आजवर नुसता गाडीवरून पाहिला असेल, त्यांनी एकदा खाली उतरून पाहावा. आता तुम्ही सांगा.

उत्तरेश्वर पेठ

‘साधी माणसं’. १९६५, भालजी पेंढारकर. आता कुणी म्हणेल हा कुठं विसरलेला? गाणं विसरलेलं नाही हो, सिनेमा विसरलाय. ‘ऐरणीच्या देवा’ सगळ्यांना पाठ आणि पिक्चर पाहिलाय का विचारलं तर दहातले नऊ गप्प.

माझे वडील लोहारकाम करायचे. दूरदर्शनवर हा सिनेमा लागला की भट्टी लवकर विझवून, हातपाय धुऊन, पाटावर बसायचे. सूर्यकांत आणि जयश्री गडकर पडद्यावर आले की त्यांची नजर चेहऱ्यांवर नसायची, हातांवर असायची. सांडशी कशी धरलीय, घण खांद्यावरून कसा येतोय, ठोका कुठं पडतोय. एकदा एवढंच म्हणाले, “ह्या मानसाला आमचं काम कळलंय.” ही दाद त्यांनी कुठल्याच सिनेमाला दिली नाही.

भालजींनी लोहार नवराबायकोची कणव केलेली नाही, त्यांना मान दिलाय. गरिबी दाखवायची म्हणून फाटकी लुगडी आणि रडारड असा मामला नाही. दोघं एकमेकांशी बोलतात तेव्हा कामात मुरलेल्या दोन कारागिरांसारखे बोलतात. गाणं जगदीश खेबुडकरांचं, संगीत ‘आनंदघन’ म्हणजे लता मंगेशकरांचं, हे माहीत असतंच. आता हेडफोन लावून ऐका आणि ऐरणीचा ठोका चालीत कसा मिसळलाय बघा. चालीतनं तो ठोका काढला तर गाणं उभं राहणार नाही.

मिरजकर तिकटी

आमच्यात सिनेमाशी नातं रंध्याचं. आजोबा सुतार. जयप्रभा स्टुडिओत सेटच्या कामाला जायचे. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत स्टुडिओ जळाला, ती गोष्ट ते आवाज खाली घेऊन सांगायचे. लाकूड, कापडं, फिल्म, सगळं. भालजींनी कर्ज डोक्यावर घेऊन तो पुन्हा उभा केला आणि १९५२ ला ‘छत्रपती शिवाजी’ काढला. शिवाजी महाराज झाले चंद्रकांत मांडरे, मिर्झाराजे जयसिंग झाले पृथ्वीराज कपूर.

आजोबांबरोबर हा सिनेमा बघणं म्हणजे भिंती बघणं. महाराजांचं वाक्य चाललेलं असायचं आणि आजोबा मधेच, “तो दरवाजा दिसतोय न्हवं, सागवानी न्हाई त्यो. खोक्याच्या फळ्या हैत. वर रंग कुणाचा ते इचार.” मग रंगाऱ्याची कूळकथा. आई वैतागायची, मला मात्र त्यातच गोडी होती. एवढ्या मोठ्या जळितानंतर खोक्यांच्या फळ्यांतून राजवाडा उभा करणाऱ्या माणसांची नावं पडद्यावर येत नाहीत. आज जुना सिनेमा बघताना मी आधी दारं, खांब, कमानी बघतो. तुम्हीही बघा. मागचं कापड वाऱ्यानं जरा हललं तरी मला आनंद होतो, कारण तिथं कुणाचा तरी हात लागलाय.

निपाणीची सून

मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’, १९३८. हंस पिक्चर्सचा, म्हणजे आपल्या कोल्हापूरचाच. कथा अत्र्यांची.

याची आठवण निघाली की सगळे पोहण्याच्या पोशाखातल्या मीनाक्षी शिरोडकरांवर येऊन थांबतात. मला याचा राग येतो. सासूबाईंबरोबर मी हा सिनेमा पाहिला तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. त्या दृश्याला त्यांनी डोळेसुद्धा मोठे केले नाहीत. त्यांना आवडली ती किशोरीची हुशारी. औदुंबर ब्रह्मचर्याची शपथ घेऊन आश्रमात जातो आणि ही मुलगी, आपल्याला काय हवंय ते पुरतं ओळखून, त्याच्या त्या शपथेसमोर हसत उभी राहते. लाजणं नाही, मुसमुसणं नाही. “ही पोरगी कुणाला भ्याली न्हाई बघ,” असं त्या दोनदा म्हणाल्या. १९३८ सालातली नायिका आहे ही! त्यानंतरच्या तीस वर्षांत आपण किती नायिका डोक्यावर पदर घेऊन रडवल्या, ते आठवा.

विनायकांचा ‘ब्रँडीची बाटली’ही जोडीला बघा. दामूअण्णा मालवणकरांचा भाबडा कारकून ब्रँडी म्हणजे काय हेच माहीत नसताना ती शोधत फिरतो. निखळ हसू.

केबिनमधून

मी आयुष्य प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये काढलं. कोल्हापुरातल्या दोन टॉकीजमध्ये होतो, आता दोन्ही बंद आहेत. दोन मशिनं असायची. एकावर रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू, दुसऱ्या ठिपक्याला चित्र बदलायचं. प्रेक्षकाला कळता कामा नये, हीच आमची कला. कार्बनच्या कांड्या जळत असायच्या, त्यांच्यातलं अंतर सतत सांभाळायचं, नाहीतर पडदा पिवळा पडतो. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. तेवढ्यात चहा प्यायला जमायचा, जेवायला नाही.

जुने मराठी सिनेमे मॅटिनीला लागायचे. राजा परांजप्यांचा ‘ऊन पाऊस’ (१९५४) मी खिडकीतून असंख्य वेळा पाहिलाय. मास्तर आणि त्यांची बायको, राजाभाऊ आणि सुमती गुप्ते. मुलं मोठी होतात आणि आईबापांची वाटणी करतात, एक इकडे, एक तिकडे. पुढे याच गोष्टीवर कन्नडमध्ये ‘स्कूल मास्टर’ निघाला, १९५८ ला. बेळगावकडचे माझे मेहुणे तो पाहिलेले, त्यामुळे आमचा जेवणावर कायम वाद, कुठला सरस म्हणून.

केबिनमधून आम्हाला पडद्यापेक्षा डोकी जास्त दिसतात. मारामारीला डोकी हलतात, गाण्याला डोलतात. ‘ऊन पाऊस’ला म्हातारा-म्हातारीची ताटातूट होते तिथं हॉलमधलं एक डोकं हलायचं नाही. आणि मध्यंतरात बापलेक शेजारी बसले असतील तर कँटीनला दोघं मिळून जायचे. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. राजाभाऊ तिथं मोठ्यानं रडत नाहीत, आवाज चढवत नाहीत. पिशवी हातात घेतात आणि चष्मा नीट करतात. एवढ्यानं शेकडो माणसं गप्प होतात, हा अभिनय.

राजारामपुरी

थोडक्यात लिहिते. नट म्हणून चंद्रकांत मांडरे आवडत असतील तर राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयातली निसर्गचित्रं जाऊन बघा. मग ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९६६) लावा.

पुस्तिकावाला

टॉकीजबाहेर पूर्वी सिनेमाच्या पुस्तिका मिळायच्या. आठ-बारा पानं, गाणी, नटनट्यांची नावं आणि कथासार. रद्दीवाल्यांकडून मी त्या जमवतो. कित्येक सिनेमांची प्रिंट कुठं आहे याचा पत्ता नाही, त्यांचं एवढंच हातात येतं. कथासाराची गंमत अशी की शेवट लिहीत नसत. नायिका संकटात सापडते, नायक निघतो, आणि मग ‘पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पाहा’. पडदाच उरलेला नसला की मी माझ्या मुलीला शेवट विचारतो. तिचे शेवट फार चांगले असतात.

पुण्यात राहणारा शिवाजी पेठकर

प्रभात म्हटलं की इथले लोक पुणं म्हणतात. त्यांना मी दर वेळी सांगतो, कंपनी १९२९ ला कोल्हापुरात निघाली आणि १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, मराठीतला पहिला बोलपट, कोल्हापुरातच झाला. पुण्याला ते १९३३ मध्ये आले.

पण मला सांगायचाय तो पुण्यात झालेला व्ही. शांतारामांचा ‘शेजारी’, १९४१. लोकांना फक्त ‘लखलख चंदेरी’ माहीत. गावातले दोन म्हातारे, पाटील आणि मिर्झा. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. रोज बुद्धिबळाचा डाव. धरण बांधायला आलेला माणूस दोघांत फूट पाडतो. आम्ही मित्रांनी खोलीवर लॅपटॉपवर पाहिला, चौघांत एक मिरजेचा मुसलमान, एक राधानगरीचा, ज्याच्या घरातून धरण दिसतं. सिनेमा संपल्यावर वाद असा पेटला की पहाट झाली. राधानगरीवाला म्हणत होता, धरणाला खलनायक का करायचं? शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचं पाणी पिऊन वाढलोय मी. मिरजेचा म्हणाला, अरे, धरण राहू दे बाजूला, तो पट बघ. भांडणानंतर पट तसाच मांडलेला राहतो आणि दोघंही तिकडे बघायचं टाळतात, त्यावर बोल.

त्याचं म्हणणं मला पटलं. शांतारामांनी भांडण दाखवलं त्यापेक्षा अबोला जास्त ताकदीनं दाखवलाय.

धागाकर्ता

पुस्तिकावाल्यांना विनंती, कोल्हापुरात झालेल्या सिनेमांच्या पुस्तिकांची पानं फोटो काढून इथं टाका, मुखपृष्ठासकट. कागद फार दिवस टिकत नाही. केबिनवाल्या काकांनी ‘ऊन पाऊस’ विरुद्ध ‘स्कूल मास्टर’ यावर सविस्तर लिहावं, मेहुण्यांची बाजूही येऊ द्या. आणि ‘लाखाची गोष्ट’, ‘हा माझा मार्ग एकला’, ‘पाठलाग’ यांच्यावर अजून कुणीच लिहिलेलं नाही. ‘मेरा साया’ ज्यांनी पाहिलाय आणि तो ज्यावरून निघाला तो ‘पाठलाग’ नाही, त्यांनी आज रात्रीच तो बघावा. उद्या इथं वाट बघतोय.