हातानं घडवलेल्या लूअरला छापील कातडं: हस्तकला की फसवणूक?

सावरीचं_लाकूड (भंडारा):
मी मासे धरायचं नकली लाकडी आमिष, म्हणजे लूअर, बनवतो अन् त्यावर कागदावर छापलेला मासोळीचा फोटो चिकटवतो. त्यांचे फोटो एका ग्रुपवर टाकले, तर दोघांनी लिहिलं, ‘मासोळीचा फोटो चिकटवला की हस्तकला संपली.’ म्हणून इथे विषय काढतो.

लाकूड मी तासतो, शिसं मी भरतो, पाण्यातली चाल मी जुळवतो. वरचा अंगरखा प्रिंटरनं दिला तर बिघडलं कुठं? एअरब्रश अन् कॉम्प्रेसर घेऊन खेड्यात कोण बसणार, तेही वीज असेल तेव्हा.

नवीन लोकांसाठी पद्धत सांगतो. सावर किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड घासून सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) मारायचं, त्यावर पांढऱ्या रंगाचा एक हात. हा पांढरा हात टाळू नका. आपला प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, तिथे कागद कोरा सोडतो. अन् पातळ कागद वार्निश प्याला की आरपार दिसतो, मग मासोळीच्या पोटातून लाकूड डोकावतं. फोटो लूअरच्या मापाचा करायचा, दुसऱ्या कुशीसाठी उलटा. पतंगी कागदासारखा पातळ पांढरा कागद साध्या ए-फोरला टेपनं जोडून इंकजेटमधून काढायचा. शाई पाण्याच्या वार्निशनं पसरते, म्हणून आधी स्प्रे लॅकरचे दोन हलके फवारे. डोक्याकडे अन् शेपटीकडे कागदाला बारीक काप द्या, नाहीतर सुरकुत्या ठरलेल्या. शेवटी दोन डब्यांतलं मिसळून घट्ट होणारं इपॉक्सी, काचेसारखा लेप, अन् ते घट्ट होईस्तोवर लूअर फिरवत राहायचं, नाहीतर सगळं एका बाजूला ओघळतं.

डोळे, कल्ले, एकेक खवला दिसतो. ब्रशनं काढून दाखवा.

जुनी_गरी (गोंदिया):
खवला कोणाले दिसते भाऊ? तुले. मरळ खाली दबा धरून बसते, बेशरमीच्या झुडपाखाली नाहीतर शेवाळाच्या कडेले. वरून काही गेलं त तिले त्याचं पोटच दिसते. तुहा फोटो कुशीचा. पोटाले तर दोन कागदाचा सांधा हाय! म्हणजे जे तिले दिसते तिथंच तुहं चित्र नाही.

अन् पावसाळ्यात बोडीचं, म्हंजे आपल्या छोट्या तळ्याचं, पाणी किती गढूळ होते ते तुले सांगाले नको. तेव्हा ती आकार पाहते, अन् पाण्याची थरथर अंगावरच्या रेघेनं ओळखते. चाल बरोबर असंन तर बिनरंगाचं लाकूडबी चालते.

सावरीचं_लाकूड:
काका, सांधा पाठीवर घेता येतो. एकच कागद पोटाखालून गुंडाळायचा, पाठीवर गडद रंगाचा एक ब्रश. पोट फिकं, पाठ काळपट, खऱ्या मासोळीसारखंच. अन् सगळं पाणी गढूळ नसतं. हिवाळ्यात नवेगावबांधला कडेचं पाणी पाहून या एकदा.

रंगरेषा (वर्धा):
माझी हरकत वेगळी आहे. मासोळीच्या अंगावरची चांदी हा रंग नसतो, ती चकाकी असते. मासोळी वळली की ती जागा बदलते. फोटोत ती जिथे होती तिथेच गोठते अन् कागदावर उतरते ती राखाडी-पांढऱ्या डागासारखी. लूअर कितीही डोलू दे, डाग तिथेच. लांबून ‘अगदी खरी’ वाटणारी छापील मासोळी पाण्यात मेलेली दिसते ती यामुळे.

फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी १९३६ साली बुचाच्या लाकडातून पहिला लूअर कोरला. अंगाला चॉकलेटची चांदी गुंडाळली अन् वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. फोटो त्यांच्याही लूअरवर होता म्हणायचा, पण वितळून! खवले काढत ते बसले नाहीत. कळपातली जखमी मासोळी वेडीवाकडी पोहते अन् मोठे मासे तिलाच धरतात, हे त्यांनी पाहिलं होतं. सगळी मेहनत त्या चालीवर.

सावरीचं_लाकूड:
ताई, चांदीचा मुद्दा मान्य. मग पांढऱ्या हाताऐवजी खाली चांदीच लावतो. कोऱ्या जागेतून ती चमकेल, रेषा फोटोच्या राहतील.

रंगरेषा:
चमकेल, नक्की. पण मग काम चांदीच करतेय. फोटो कशासाठी उरला?

सावरीचं_लाकूड:
माझ्यासाठी! मी घडवतो, मला आवडतो. एवढं पुरे नाही का?

तीनकाटी (चंद्रपूर):
पुरे आहे, पण विकताना तसं सांगा. मी लूअर विकतो. गिऱ्हाईक डबीतल्या मालाकडे पाहून पैसे देतं, त्यामुळे छापील माल आधी उठतो हे खरं. तरी ‘हातानं रंगवलेला’ म्हणून छापील माल खपवणारे पाहिलेत, ती लबाडी आहे.

आणि दुसरं, फोटो कोणाच्या मासोळीचा? नेटवरून अमेरिकेतल्या शॅड मासोळीचा फोटो उतरवायचा अन् आपल्या झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भाच्या) मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावात फेकायचा, हा काय प्रकार? फोटो काढणाऱ्यालाही विचारलेलं नसतं. आपल्याच बोडीतली बोटभर मासोळी काचेच्या भांड्यात ठेवा, सावलीत मोबाइलनं फोटो घ्या. उन्हात घेतला तर ताई म्हणतात तो डाग अजून मोठा येतो.

चिखलपाय (गडचिरोली):
तान्हा पोळ्याच्या लाकडी नंदीले कोणी खऱ्या बैलाचा फोटो चिकटवते का जी? लाकूड लाकडासारखं दिसू द्या नं.

सावरीचं_लाकूड:
नंदीला कोणी गिळत नाही दादा 😄

जुनी_गरी:
गिळाचं निघालं म्हणून इचारतो. मरळीचे दात इपॉक्सीत रुतले, नाहीतर तुहाच गळ हलून हलून कुशीले घासला, त पाणी आत जाईन का नाही? रंग असंन त तेवढ्याच जागेचा पोपडा जाते, अन् घरी येऊन ठिपका देता येते. कागद पाणी प्याला त फुगत जाते, त्याच्याखालचं सावरीचं लाकूडबी फुगते, मंग चालच बिघडते. याचं उत्तर दे पहिले.

सावरीचं_लाकूड:
हा मुद्दा खरा जड आहे. कागदाच्या खाली इपॉक्सीचा एक पूर्ण हात देतो, म्हणजे कागद भिजला तरी लाकूड कोरडं राहतं. गळाच्या घासणीच्या जागी वरून एक जादा थर. पण जादा थर म्हणजे जादा वजन, छोट्या लूअरची डोलणी मंदावते. म्हणून तेवढं शिसं आधीच कमी भरतो.

जुनी_गरी:
म्हणजे फोटोसाठी शिसं कमी केलं. चित्रानं चाल ठरवली, मी हेच म्हणून रायलो होतो. बरं, दोन आणजो रविवारी, एक छापलेला अन् एक नुसता पांढरा, वजन सारखं. माह्या बोडीवर टाकू. मच्छीमार संस्थेच्या तलावावर नको, तिथं आधी इचारा लागते.